हसून पडणाऱ्यांची नर्स

"हा सायकलचा पंप आहे," अंजनाबाई म्हणाल्या.

शेखरने मान डोलावली. पंपाला पांढरा रंग दिला होता, टोकाला छत्रीची काडी बसवली होती आणि अंगावर सिरिंजवर असतात तसे आकडे काढले होते. पिक्चर पाहून जो हसता हसता पडेल, त्याच्या कमरेत हे इंजेक्शन टोचायचं, पब्लिक लोटपोट होईल, असं त्याने हिंदीत समजावलं. शेखर रायपूरच्या चौबे कॉलनीतला. आई मराठी, बाप मराठी, घरात बोललेलं सगळं कळायचं. पण शहर छत्तीसगढची राजधानी झाल्यापासून मोठी कामं करणाऱ्या माणसाने मराठीत उत्तर देऊ नये, असं त्याचं मत झालं होतं.

अंजनाबाईंनी पंप परत त्याच्या हातात दिला. "माह्याकडून हे होनार नाही. आनि त्या पडनाऱ्या मानसाच्या अंगाले बी मी हात लावनार नाही."

रेल्वेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं काढून त्या चौदा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. शेखर घरी आला तेव्हा त्याने 'प्राथमिक उपचार केंद्र' असे शब्द वापरले होते. टॉकीजसमोर गर्दी होणार, मे महिन्याचं ऊन, जाणती नर्स हवी. अंजनाबाईंनी ट्रंकेतली पांढरी साडी काढली, खळ घालून इस्त्री केली, बीपीचं यंत्र तपासून पिशवीत ठेवलं. त्यांची सून रीना हिंदीतच म्हणाली की आता या वयात कशाला. चौदा महिने त्यांना कोणी 'सिस्टर' म्हटलं नव्हतं, हे सुनेला सांगण्यासारखं नव्हतं.

टॉकीजसमोर येऊन पाहिलं तर केंद्र म्हणजे एक बंद पडलेली मॅटाडोर व्हॅन होती. ती चार जणांनी ढकलत आणून फाटकाशी उभी केली होती आणि तिच्यावर लाल फुली रंगवली होती. आत ऑक्सिजनचं म्हणून ठेवलेलं सिलिंडर फुगेवाल्याचं होतं. स्ट्रेचर मंडपवाल्याच्या बांबूंचं. वर कापडी फलक होता, 'हँसते-हँसते गिरने वालों का मुफ़्त इलाज'.

पिक्चरचं नाव 'डेढ हुशियार समधी', म्हणजे दीडशहाणा व्याही. छत्तीसगढी विनोदी पिक्चर. नवं राज्य झाल्यापासून ज्याच्या त्याच्या मेहुण्याने कॅमेरा भाड्याने आणला होता. जाहिरातीला पैसा नव्हता म्हणून निर्मात्याने शेखरला धरलं, आणि शेखरकडे डोकं आहे असं शेखरनेच त्याला सांगितलं होतं. आधी त्याने एका गाढवाच्या गळ्यात 'सिर्फ़ मैंने नहीं देखी' अशी पाटी अडकवून ते शहरभर फिरवलं. दुपारपर्यंत गाढवाने पाटी खाल्ली. मग या समध्याच्या घरच्या लग्नाच्या खोट्या पत्रिका वाटल्या, तर तेलीबांध्याकडचं एक म्हातारं जोडपं खरोखर नवे कपडे घालून, आहेर घेऊन टॉकीजच्या दारात आलं. शेखरने त्यांना तिकीट काढायला लावलं. ही गोष्ट तो ज्याला त्याला सांगायचा, आणि सांगताना स्वतःच आधी हसायचा.

अंजनाबाई पहिल्याच दिवशी परत गेल्या असत्या. पण बाराच्या शोची रांग उन्हात उभी होती, तिच्यात दोन गरोदर बाया होत्या, म्हातारे होते, कडेवर लेकरं होती. यातलं एक तरी पडेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतःच्या पैशाने मीठ-साखर आणून एक माठ भरून घेतला आणि खुर्ची टाकून बसल्या. त्या दिवशी त्यांनी तिघांना पाणी पाजलं, एकाला सावलीत झोपवलं. पंपाचं काम शेखरच्या दोन माणसांनी डॉक्टरचे कोट घालून केलं.

पडायचं काम शालिग्रामकडे होतं. पन्नाशीचा, काटकुळा. मूळ भंडाऱ्याकडचा, तिकडे दंडार या लोकनाट्यात सोंगं करायचा. इथे गुढियारी वस्तीत राहून मालधक्क्यावर हमाली करून पाठ गेलेली. शो सुटला की तो गर्दीतून पोट धरून हसत बाहेर यायचा, तीन पायऱ्या लटपटत उतरायचा, शेवटच्या पायरीशी सपशेल आडवा होऊन पाय झाडायचा. मग स्ट्रेचर, मग इंजेक्शन, मग तो उठून पळायचा. लोक टाळ्या वाजवायचे. पहिल्या दिवशी तो माठाशी पाणी प्यायला आला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. अंजनाबाईंनी ते चारचौघांत बोलून दाखवलं आणि त्याला ओंजळीने प्यायला लावलं.

त्यांना त्याची किळस होती. एकतीस वर्षांत असले शेकडो त्यांनी पाहिले होते, पोटात दुखतं म्हणून रात्री येणारे, सलाइन लावून घेऊन सकाळी बिनधास्त निघून जाणारे. त्यात हा तर पडण्याचंच खाणारा. त्याचं सोंग सुरू झालं की त्या खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायच्या. दुसऱ्या दिवसापासून ही त्यांची रीतच झाली.

पाचव्या दिवशी सकाळी शालिग्राम लवकर आला. त्यांच्यापासून चार पावलं लांब उभा राहिला.

"बाई, पहाटपासून हा खांदा दुखून राहिला. जबड्यात बी कळ येते. जरा पाहा ना."

"पिऊन पडला असशील कुठं."

"नाही जी. पेलो नाही."

"तुहं सोंग तिकडं पायरीवर कर," अंजनाबाई म्हणाल्या. "मले नको दाखवू."

तो हसला. हसणं हा त्याचा धंदाच होता. मग तो मॅटाडोरच्या सावलीत जाऊन बसला.

पावणेतीनला बाराचा शो सुटला. पुढच्या शोची गर्दी बाहेर उभीच होती. शालिग्रामचं हसणं ऐकू आलं आणि अंजनाबाईंनी खुर्ची फिरवली. पाठीमागे तो पडल्याचा आवाज झाला, टाळ्या झाल्या. कोटवाल्यांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं, पंप टोचला. तो उठला नाही. त्यांनी पुन्हा टोचला. आज नवीन काहीतरी करतोय, असं वाटून शेखर खूश झाला आणि लाउडस्पीकरवरून म्हणाला की पेशंट सीरियस आहे, पिक्चरच इतका जबरदस्त आहे. लोक आणखी हसले. एकाने शालिग्रामच्या नाकाला गुदगुल्या केल्या. मग एक बाई मोठ्याने म्हणाली, "अरे, इसकी तो पैंट गीली हो गई," आणि हशाचा कल्लोळ उठला.

तो हशा ऐकून अंजनाबाई वळल्या. तीन-चार मिनिटं गेली होती. शालिग्रामचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घामाचे थेंब साचले होते. असा घाम त्यांच्या ओळखीचा होता.

त्या धावल्या, नाडी पाहिली, गुडघे टेकून छाती दाबायला लागल्या. लोकांना वाटलं, आता खरी नर्स आली खेळात. शिट्ट्या झाल्या. कोणीतरी त्यांच्या दाबण्यावर एक, दो, तीन मोजायला लागलं आणि मग सगळेच मोजायला लागले. अंजनाबाई ओरडल्या की गाडी आणा, हा मरून राहिला. त्यावर सगळ्यात मोठी टाळी पडली. शेखरने लांबूनच अंगठा वर करून दाखवला.

शेवटी पानठेल्यावरच्या एका ऑटोवाल्याला त्यांचा चेहरा कळला. त्याने ऑटो थेट गर्दीत घातली.

सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत श्वास परत आला होता. अडीच तास तो जिवंत होता. पावणेसहाला गेला. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. सकाळीच आणलं असतं तर कदाचित वाचला असता.

शेखर आला तो खाटेपर्यंत आलाच नाही. दाराशी उभं राहून हळू आवाजात हिंदीत बोलला. उद्या पेपरवाले येतील, सिस्टर. पिक्चर पाहताना हसून हसून गेला, एवढंच सांगायचं. मरणाऱ्याचंही नाव होईल.

अंजनाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल. खिशाला पेन होतं, शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती.

"त्यानं पिच्चर पाह्यला नाही," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांत तुमी त्याले आत बसू दिलं नाही. पाहिजे तर हे सांगते पेपरवाल्याले. आनि पंप कोनं टोचला तेबी."

शेखर काही तरी पुटपुटला आणि निघून गेला.

शालिग्रामची बायको सत्यभामा सहाला आली. ती धान्याच्या गोदामात फाटकी पोती शिवायची. साडीला सुतळीचे तंतू चिकटलेले तसेच होते. ती रडली नाही. नवऱ्याच्या पायाला हात लावून उभी राहिली. मग तिने अंजनाबाईंच्या पांढऱ्या साडीकडे पाहून विचारलं, "लय त्रास झाला का जी? काही बोलले का?"

या प्रश्नाचं उत्तर अंजनाबाईंना पाठ होतं. काही कळलं नाही त्यांना, झोपेत गेले. हे त्यांनी किती बायकांना सांगितलं असेल. आताही ते ओठांवर आलं होतं.

"सकाळी मले म्हनला होता," त्या म्हणाल्या. "खांदा दुखते, जबडा दुखते. मले वाटलं, पेला असन. मी पाह्यलं नाही."

सत्यभामेने पुन्हा त्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं.

"तुमी नर्स ना?"

"हो."

"चार दिवसांपासून पेले नव्हते ते," सत्यभामा म्हणाली. "म्हने, तिथं एक सिस्टर बसते, तिले वास येते. लाज वाटते म्हने."

अंजनाबाईंनी माफी मागितली असती तर सत्यभामेला त्या माफीचंही काही तरी करावं लागलं असतं.

बाहेर सत्यभामेच्या शेजाऱ्याचा टेम्पो फाटकाशी येऊन उभा होता. ड्युटी बदलायची वेळ. स्ट्रेचर उचलायला वॉर्डबॉय मिळेना. एक येतो म्हणून गेला तो आला नाही. सत्यभामेने थोडी वाट पाहिली. मग पदर कमरेला खोचून तिने डोक्याकडच्या दांड्या धरल्या. अंजनाबाईंनी पायांकडच्या धरल्या.

व्हरांड्यातल्या लोकांनी वाट दिली. पुढे पायऱ्या होत्या. अंजनाबाई पाठमोऱ्या उतरू लागल्या तसा सगळा भार त्यांच्या बाजूला आला.

"सावकाश," वरून सत्यभामा म्हणाली.

अंजनाबाईंनी दांड्या पोटाशी घेतल्या आणि पायाने खालची पायरी चाचपली.