ब्याऐंशी किलो

ग्रंथपालबाईंनी उभ्या आयुष्यात पुस्तकांपेक्षा जड काही उचललं नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं गेली. फार तर नकाशांचा गठ्ठा वरच्या फळीवर चढवायचा, तोही स्टुलावर उभं राहून. अंगानं पहिल्यापासूनच किडकिडीत. नवरा क्रेन चालवायचा. दारातून येताना मान वाकवावी लागणारा आडदांड माणूस. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तो त्यांना 'काडी' म्हणायचा.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. तरी दिवस रेटले जात होते. मग एका सकाळी तो न्हाणीघरात पडला.

बाईंनी बगलेत हात घालून ओढलं, कमरेला विळखा घालून पाहिलं. माणूस तसूभर हलेल तर शपथ! साबणाच्या पाण्यात दोघंही घसरत होती.

"शेजाऱ्यांना हाक मारते," त्या म्हणाल्या.

"नको." झटक्यानंतर त्याची जीभ अडखळायची, पण हा शब्द स्वच्छ आला. "असा उघडा... कुणी नको."

त्यांनी त्याच्यावर चादर टाकली आणि ओल्या फरशीवर शेजारी बसून राहिल्या. दोन तासांनी त्याचे ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा मात्र त्या उठल्या आणि समोरच्या घरातल्या बापलेकांना घेऊन आल्या. दोघांनी त्याला पोतं उचलावं तसं उचललं. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. पुढचे तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई जिमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

काचेचं दार, आत ढणढण गाणी, लोखंडावर लोखंड आदळल्याचे आवाज.  बाई दारावरून तशाच पुढे गेल्या आणि औषधांच्या दुकानातून नको असलेली टूथपेस्ट घेऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पायात चप्पल आहे, चपलेवर कोण आत घेणार, अशी सबब सापडली. तिसऱ्या दिवशी नवे कोरे बूट घालून गेल्या, दाराच्या मुठीला हातही लावला. तेवढ्यात आत कुणी मुलगी खळखळून हसली. ती दुसऱ्याच कशाला तरी हसली असेल, पण बाईंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे थेर शोभतात का, असं स्वतःलाच विचारत त्या घरी पोचल्या. घरी अंथरूण ओलं झालेलं. त्याला कुशीवर वळवता वळवता त्यांना दम लागला आणि अर्धी ओली चादर त्याच्या अंगाखालीच राहिली.

चौथ्या खेपेला एक गृहस्थ बाहेर पडत होते. त्यांनी पाठीनं दार धरून ठेवलं आणि म्हणाले, "या ना." आता मागे फिरायला तोंडच उरलं नाही.

चहूकडे आरसे, आणि प्रत्येक आरशात पर्स छातीशी कवटाळलेली तीच भेदरलेली बाई. व्यायाम शिकवणारी तरुण मुलगी पुढे आली.

"काकू, वजन कमी करायचंय?" विचारता विचारता तिनं त्यांना खालीवर पाहिलं आणि स्वतःच गोंधळली.

"नाही. उचलायचंय."

"किती?"

"ब्याऐंशी किलो."

मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत, तेव्हा तिचं हसू ओसरलं. "काय आहे ते?"

"आमचे हे."

त्या दिवशी वजनं न लावलेली नुसती दांडीही जमिनीपासून वर येईना. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटून बाई कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडल्या. मुलगी दाराशी आली. "काकू, पहिल्या दिवशी मी इथे ओकले होते. उद्या या."

त्या गेल्या. भीती काही गेली नाही. पण ती सोबत घेऊनच दार ढकलायचं हे त्यांना कळलं. महिन्याभरात आणखी एक गोष्ट कळली: त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. ज्याला त्याला आपापल्या आरशातून फुरसत असेल तर ना!

चार महिन्यांत त्या चाळीस किलो उचलू लागल्या. संध्याकाळी तो वाकड्या तोंडानं विचारायचा, "आज किती?" आकडा ऐकला की डावा डोळा चमकायचा.

पण घास मात्र त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हता. जेवताना ठसका लागायचा. डॉक्टर म्हणाले, आता गळाही साथ सोडतोय, याला फारसा इलाज नाही. बाई सगळं वाटून, गाळून भरवायच्या. त्याच्या पायजम्याची नाडी दर आठवड्याला आणखी आवळावी लागायची. त्या आवळायच्या आणि नजर दुसरीकडे वळवायच्या.

एका दुपारी पलंगावरून खुर्चीत बसताना तो पुन्हा खाली घसरला. बाई घाबरल्या नाहीत. पाय फाकवले, गुडघ्यांत वाकल्या, पाठ ताठ ठेवली, श्वास भरला आणि उचललं.

तो इतका अलगद वर आला की बाई त्याच जोरानं मागे गेल्या. भिंत होती म्हणून तोल सावरला. हाताखाली बरगड्या लागत होत्या, एकेक मोजता येईल अशा.

"जमलं की तुला, काडी!" तो त्यांच्या खांद्यावर पुटपुटला. आनंदानं त्याला धाप लागली होती.

"हो, जमलं," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, पांघरूण नीट केलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून उभ्या राहिल्या.

जिममध्ये सांगायचंच, असा त्यानं हट्टच धरला. दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं. मुलगी आनंदानं ओरडली, तिनं गाणी बंद करून सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मान हलवत राहिल्या.

घरी येऊन त्या वाटीत पातळ सूप घेऊन बसल्या.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

तो हसला, हसताना ठसका लागला, हनुवटीवरून ओघळ आला. बाईंनी तो टिपला. दोन चमचे त्यानं कसेबसे गिळले आणि तोंड मिटून घेतलं.

"अजून एक घ्या हो."

त्यानं मान हलवली.

"एकच."

त्यानं डोळे मिटले. बाई चमचा तसाच धरून बसून राहिल्या. सूप निवून गेलं.