कपाळावरची खाच

लियाव शू-फेनने लॅपटॉपची स्क्रीन वाढवली आणि ती कापल्याचा आळ तिच्यावर आला.

झालं होतं ते इतकंच. पूर्वी कॅमेऱ्याच्या एवढ्याशा ठिपक्यासाठी स्क्रीनचा वरचा अख्खा काठ रुंद ठेवावा लागायचा. नव्या मॉडेलमध्ये शू-फेनने कॅमेरा होता तिथेच, मधोमध ठेवला आणि स्क्रीन त्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढवली. मेन्यूची पट्टी त्या वाढीव जागेत गेली, खालची सगळी स्क्रीन कामाला मोकळी झाली. मधे कॅमेऱ्यापुरती एक काळी खाच तेवढी राहिली. लोकांना दिसली ती खाचच.

"गिऱ्हाईक अख्ख्या स्क्रीनचे पैसे मोजतं आणि आपण त्याला उंदरानं कुरतडलेली देतो," विक्री विभागाचा प्रमुख चुआंग चिया-मिंग बैठकीत म्हणाला. "फेनताई, राग मानू नका, पण जागा वाया गेली आहे. आंधळ्यालाही दिसतं."

"आंधळ्यालाच दिसतं," शू-फेन म्हणाली. ती स्क्रीन विभागाची प्रमुख होती आणि तिच्या जिभेला धार होती. "चुआंग, तुमच्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना?"

"आहे. तिचं इथे काय?"

"टाकीच्या दोन्ही बाजूंना पत्रे ठोकून तुम्ही खोल्या काढल्यात. भाडं घेताना कधी वाटलं का, की या टाकीनं माझी गच्ची वाया घालवली?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. ज्यांनी आपापल्या गच्चीवर असेच पत्रे ठोकले होते, ते जरा बेतानं हसले. तैपेईत असे बरेच असतात.

"माझ्या खोल्या महापालिकेला दिसत नाहीत," चुआंग म्हणाला. "तुमची खाच दुकानातूनच दिसते."

कंपनीचे मालक को साहेब इतका वेळ चहाच्या इवल्या पेल्यात बघत होते. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "विक्री पडली आहे. नव्या वर्षापासून दोन्ही विभाग एक. प्रमुखही एकच. खाच खरी ठरली तर खुर्ची लियावची, खोटी ठरली तर चुआंगची. उरेल त्यानं दुसरीकडे नशीब काढावं."

चुआंगला दुसरीकडे नशीब होतं. त्याला तीन कंपन्यांनी जेवायला बोलावलं होतं, आणि ही गोष्ट तो कोणालाही सांगत नाही असं तो सगळ्यांना सांगायचा. शू-फेन पन्नाशीला टेकली होती. कंपनी होती त्या नेइहू भागातल्या रस्त्यावर एकाला एक लागून संगणकाच्या कंपन्या होत्या आणि त्यातल्या कुठल्याही दारावर पन्नाशीच्या बाईसाठी पायपुसणंसुद्धा टाकलेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

खाच खरी की खोटी, हे ठरवायला को साहेबांनी स्क्रीन मोजली नाही. त्यांनी येन गुरुजींना बोलावलं.

येन गुरुजी वास्तूचे जाणकार. कंपनीचं प्रवेशद्वार त्यांच्याच सांगण्यावरून तिरकं बसवलं होतं आणि तेव्हापासून पावसाचं पाणी थेट आत यायचं. पाणी आत येणं म्हणजे पैसा आत येणं, असं गुरुजींचं म्हणणं. त्यामुळे पुसणाऱ्या बायकांखेरीज कोणाची तक्रार नव्हती. गुरुजींनी लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला, चार पावलं मागे गेले आणि रोग्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहत राहिले.

"हा चेहरा आहे," ते म्हणाले. "स्क्रीन म्हणजे चेहरा. आणि याच्या दोन भुवयांच्या मधे काळं पडलंय."

दोघातिघांनी आपापल्या कपाळावरून हात फिरवला. ज्याच्या भुवयांमध्ये काळं पडतं, त्याच्या दारात संकट उभं असतं, हे तिथल्या प्रत्येकानं आजीच्या मांडीवर ऐकलेलं होतं.

"गुरुजी, तो कॅमेरा आहे," शू-फेन म्हणाली.

"संकट कुठलंही रूप घेऊन येतं, बाई."

"मग कॅमेरा खाली न्यायचा," चुआंग लगेच म्हणाला. उत्तर त्याच्या खिशात तयारच होतं. "स्क्रीनच्या खालच्या काठात, बिजागरीजवळ. तिथे रुंदी आहेच. कपाळ स्वच्छ, स्क्रीन अखंड!"

"साहेब, खालून पाहिलं तर माणसाचं नाक दिसतं," शू-फेन म्हणाली. "दुसरं काही दिसतच नाही."

"आमचं तर दिसत नाही," चुआंग म्हणाला.

ते खरं होतं. चुआंगचं टेबल उभ्यानं काम करायचं, उंच. पाठीसाठी ते कसं चांगलं, यावर तो आल्यागेल्याला व्याख्यान द्यायचा. खाली कॅमेरा असलेला नमुना तयार झाला तेव्हा त्यानं तो त्याच टेबलावर ठेवला, तोही जाड फायलींच्या थप्पीवर, आणि को साहेबांना समोर उभं केलं. कॅमेरा बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आला. चित्र झकास दिसलं. को साहेबांनी मान हलवली.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या डब्यावर शू-फेनच्या हाताखालचा इंजिनिअर आ-काय चिडून म्हणाला, "ताई, तुम्ही गप्प का बसलात? साहेबांना खुर्चीत बसवायचं, लॅपटॉप साध्या टेबलावर ठेवायचा. एका मिनिटात निकाल लागला असता."

"साहेबांना साहेबांचं नाक दाखवायला मी जाऊ? तू जातोस का?"

आ-कायनं जेवायच्या काड्या भातात उभ्या खुपसल्या, मेलेल्या माणसाच्या भातात खुपसतात तशा, अपशकुन लक्षात येताच घाईनं काढल्या आणि विषय सोडला.

को साहेबांचं नाक ही साधी गोष्ट नव्हती. मोठं, मांसल, शेंडा गोल, नाकपुड्या पूर्ण झाकलेल्या. नाक म्हणजे माणसाची तिजोरी आणि नाकपुड्या म्हणजे तिचं दार. समोरून नाकपुड्या दिसत असतील तर पैसा गळतो, अशी तिथली समजूत. को साहेबांची तिजोरी बंद होती. बँकेनं त्यांना पहिलं कर्ज कागद बघून दिलं नव्हतं, नाक बघून दिलं होतं, असं कंपनीतले जुने लोक सांगत. को साहेबांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

वर्षाखेरच्या मेजवानीला सगळे जमले. दिवे, लाल टेबलक्लॉथ, स्टेजवर लॉटरीची बक्षिसं. मुख्य टेबलावर को साहेब, एका हाताला येन गुरुजी, मग चुआंग, समोर शू-फेन आणि बाकीचे अधिकारी. टेबलाच्या मधोमध फिरती काच, काचेवर माशांच्या, खेकड्यांच्या बशा आणि त्यात अख्खी उकडलेली कोंबडी. डोक्यासकट.

या कोंबडीच्या डोक्याकडे लोक का बघतात, ते मुख्य टेबलावर कोणाला सांगावं लागत नव्हतं. मेजवानीत मालक डोकं ज्याच्याकडे वळवतो, त्यानं नव्या वर्षात कामावर यायचं नसतं. हल्ली कोणी असं करत नाही. हॉटेलवाले डोकं पंखाखाली लपवूनच आणतात. को साहेब दरवर्षी ते बाहेर काढायचे, स्वतःकडे वळवायचे आणि हसायचे, मग सगळे हसायचे. या वर्षी त्यांनी काच हळूच फिरवली. कोंबडीची चोच शू-फेनच्या समोर थांबली.

टेबलावरच्या काड्यांचा आवाज थांबला. चुआंगनं मोठ्या मनानं शू-फेनच्या वाटीत माशाचा तुकडा वाढला.

"खा, फेनताई. मासा ताजा आहे."

"तुमच्यापेक्षा ताजा आहे," ती म्हणाली, पण तुकडा तिनं वाटीतच ठेवला. दूरच्या टेबलावर आ-काय मान खाली घालून बसला होता. उद्यापासून आपल्या माणसांना कोण सांभाळणार, आणि आपल्याला कोण, हा हिशेब ती चोचीकडे बघत करत होती.

तेवढ्यात चुआंग उठला. त्यानं कार्यक्रम आखला होता. ताओयुआनच्या कारखान्यातले लोक तिकडेच जेवायला बसले होते. को साहेब नव्या लॅपटॉपवरून त्यांच्याशी बोलणार होते आणि स्टेजच्या प्रचंड पडद्यावर तेच चित्र इथल्यांनाही दिसणार होतं. अखंड स्क्रीन, स्वच्छ कपाळ. चुआंगनं लॅपटॉप को साहेबांच्या समोर ठेवला. उंच स्टँड त्यानं आणला होता, पण टेबलावर बशांच्या गर्दीत तो मावेना, म्हणून त्यानं तो खुर्चीखाली सरकवला. एवढ्याशानं काय होतंय?

को साहेब कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखे लॅपटॉपवर वाकले. स्टेजवरचा पडदा उजळला.

पडद्यावर दोन भुयारं दिसली. एका मजल्याच्या उंचीची, काळीभोर, आतून केसाळ. त्यांच्या वर कुठेतरी लांब, डोंगरामागच्या गावासारखे, को साहेबांचे डोळे होते.

"माझ्या सहकाऱ्यांनो!" भुयारं फुलली.

हॉलमधल्या कितीतरी जणांनी घाईनं रुमाल तोंडाला लावले. मग कारखान्याकडून, पार्ट्स बसवणाऱ्या बायकांच्या टेबलावरून, कोणाचा तरी म्हातारा आवाज स्पीकरमधून स्वच्छ आला. "अगं बाई गं! साहेबांची तिजोरी सताड उघडी! सगळा पैसा चालला की बाहेर!"

"गप गं, ऐकू जातंय तिकडे!" दुसरी म्हणाली. तेही ऐकू आलं.

को साहेबांनी मागे वळून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर त्यांचा कान आला. ते परत वळले, भुयारं परत आली. त्यांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. येन गुरुजी पेल्यातल्या काओल्यांग दारूत काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होते. चुआंग झडप घालून लॅपटॉप बंद करायला गेला, पण गोंधळात त्यानं तो उचलून को साहेबांच्या आणखी जवळ नेला. आता पडद्यावर एकच नाकपुडी मावत होती.

"द्या इकडे," शू-फेन म्हणाली. ती टेबलाला वळसा घालून आली होती. तिनं वाफेच्या भाताची रिकामी बांबूची टोपली उपडी घातली, तिच्यावर दुसरी, वर तिसरी, आणि लॅपटॉप त्या थप्पीवर ठेवला. "साहेब, सरळ बसा. वाकू नका. बोला आता."

नाक खाली उतरलं, पुड्या झाकल्या गेल्या आणि पडद्यावर माणूस दिसू लागला. कारखान्याकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. को साहेब बोलले, नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि टोपल्यांवरचा लॅपटॉप स्वतःच्या हातानं मिटला.

मग त्यांनी काच फिरवली. चोच शू-फेनपासून सुटली, दोघांतिघांना घाम फोडत फिरली आणि चुआंगसमोर थांबली. चुआंगला अचानक खेकड्याची भूक लागली. बशी जवळ ओढायच्या निमित्तानं त्यानं काच जराशी ढकलली आणि डोकं येन गुरुजींच्या पुढ्यात आलं. गुरुजी पगारी नव्हते. त्यांना ते नुसतं डोकं दिसलं. त्यांनी ते काड्यांनी तोडलं आणि चोखून चोखून खाल्लं.

"कोंबडीत चव इथेच असते," ते म्हणाले.

डोकंच उरलं नाही, तेव्हा कोणाला काढायचा प्रश्नही उरला नाही. सुट्टीनंतर खुर्ची शू-फेनला मिळाली आणि चुआंग तिच्या हाताखाली राहिला. पहिल्याच दिवशी को साहेबांनी तिला बोलावलं. येन गुरुजी तिथे बसलेलेच होते.

"कॅमेरा परत वर," को साहेब म्हणाले. "तुझंच खरं. पण कपाळावर काळं चालायचं नाही."

"मग काठ पूर्ण रुंद करावा लागेल, साहेब. पूर्वीसारखा. दोन्ही बाजूंची स्क्रीन जाईल. टाकी तेवढी ठेवून पत्र्याच्या खोल्या पाडल्यासारखं होईल."

"काठ कसला असेल? काळा?"

"काळाच. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

दोघांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी डोळे मिटले, उघडले.

"भुवयांमध्ये काळं म्हणजे संकट," ते म्हणाले. "पण वर सगळंच काळं असेल, तर ते केस झाले. दाट केस शुभ असतात."

शू-फेननं तोंड उघडलं. मेजवानीतली चोच तिला आठवली, दूरच्या टेबलावरची आ-कायची खाली घातलेली मान आठवली. तिनं तोंड मिटलं आणि त्याच संध्याकाळी स्क्रीन बोटभर कमी करणाऱ्या नकाशावर सही केली.

मॉडेल धडाक्यानं खपलं. 'तसूभरही जागा वाया नाही' ही जाहिरात चुआंगची. खाच काढल्याबद्दल गिऱ्हाइकांनी कंपनीचे आभार मानले. स्क्रीन आधी मोठी होती, हे एकालाही आठवलं नाही.

एकदा जाहिरातीचा मजकूर दाखवायला चुआंग तिच्या खोलीत आला. टेबलावर जुना नमुना उघडा होता, खाचेचा, आणि शू-फेन त्यावर काम करत होती.

"अजून हीच कुरतडलेली वापरता, फेनताई?"

"हो."

"नवा मिळतो की तुम्हाला फुकट."

"यात जागा जास्त आहे."

चुआंगनं वाकून पाहिलं. खाचेच्या दोन्ही बाजूंना मेन्यूची पट्टी ऐसपैस बसली होती. त्यानं बोटानं पट्टीची लांबी मोजली. मग त्यानं जाऊन खोलीचं दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "असा आणखी एखादा आहे का?"