बुटातला पत्ता

मी बूट करते, तेही ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे अशा मुलांसाठी. एका बुटाचा तळ जाड, दुसऱ्याचा साधा, की मूल सरळ चालतं. प्रत्येक बुटाच्या आत मी आमच्या वेबसाइटचा पत्ता ठशाने उठवते. मूल वाढतं, बूट लहान होतो, आईबाप आतला पत्ता बघून नवी मापं मेलवर पाठवतात. दुकानाने जागा बदलल्या, तो पत्ता कधी बदलला नाही.

म्हणून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी फोन करून, "तुमच्या वेबसाइटवर जुगाराच्या जाहिराती येतात, धंदा बदललात का?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वेबसाइट माझ्या धाकट्या भावाने केलेली. वेबसाइटचं नाव, म्हणजे तोच पत्ता, विकत मिळत नाही, एका कंपनीकडून भाड्याने मिळतं आणि दरवर्षी मुदत वाढवावी लागते. पैसे त्याच्या कार्डातून आपोआप जायचे. कार्ड बदललं आणि ते जायचे थांबले. कंपनीने आठवण करून देणारे मेल धाडले, ते दुकानाच्या मेलवर, आणि ती मेल मी बघते. याच भावाने मला बजावून ठेवलं होतं, "ताई, 'तुमचं नाव संपतंय, पैसे भरा' असले मेल लफंग्यांचे असतात. न उघडता फेकायचे." असे खोटे मेल ढिगाने यायचे. मी इमानेइतबारे फेकत गेले. खरेही त्यातच गेले.

"कुठली कंपनी आपली, एवढंही तुला माहीत नव्हतं?" भाऊ दुकानात येऊन ओरडला.

"तू सांगितलं होतंस कधी?"

"डोळे आहेत ना?"

"आणि कार्ड बदललं तेव्हा तुझे कुठे गेले होते?"

त्यात हा शहाणा पासवर्ड विसरलेला. नवा पासवर्ड येणार दुकानाच्या मेलवर, आणि नावाबरोबर ती मेलही बंद पडलेली. म्हणजे किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून! दार आपटून तो निघून गेला. मीही हाक मारली नाही.

भांडणात कंपनीचं नाव कळलंच होतं, मग मीच तिथे फोन लावला. गोड गळ्याची बाई म्हणाली, "मुदत उलटली, मॅडम. नाव लिलावात आहे. हवं असेल तर बोली लावा."

नाव आमचं, आणि बोलीही आम्हीच लावायची! राग गिळून मी लावली. समोर एकच जण होता, नाव नाही, गाव नाही, नुसता 'दुसरा बोलीदार'. मी चढले की तो चढायचा. मध्येच गप्प बसायचा, माझ्या जिवात जीव येतोय तोच पुन्हा हजर. याला ना मुलाचे पाय ठाऊक, ना बूट. घेणार आणि उद्या मलाच दामदुपटीने विकणार. मेल्या, तुझं कधी भलं होणार नाही, असं मी स्क्रीनकडे बघून मोठ्याने म्हणाले. शिलाईच्या नव्या मशीनसाठी ठेवलेले सगळे पैसे लावले, तेव्हा कुठे त्याचं तोंड बंद झालं. नाव मला मिळालं. इतका दुष्ट आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. मुलांची मापं घेते त्या बुटक्या स्टुलावर बसला, मान खाली.

"ताई, गेलं नाव. तुला न सांगता परत आणणार होतो. लिलावात होतं नव्हतं ते सगळं लावलं, पण कोणीतरी हरामखोर हटेचना. हात टेकले मी."

माझ्या हातातला ठसा हातातच राहिला.

"लिलावाचं तुला कोणी सांगितलं?"

"कंपनीतल्या बाईने. आपल्या दुकानाचं नाव सांगितलं, तर म्हणाली, हवं असेल तर बोली लावा."

म्हणजे एकाच दुकानाच्या नावाने दोन फोन गेले होते, आणि त्यांनी भावाबहिणीला समोरासमोर बसवून भाव चढवला होता.

"तो कोण हे नुसतं कळू दे, ताई. थोबाड रंगवतो त्याचं!"

"रंगव," मी गाल पुढे केला. "इथेच आहे."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. हसायला त्यालाही आलं नाही, मलाही नाही.

"लाव त्या कंपनीला फोन," मी म्हणाले. "बाईला काही बोलू नकोस, फोन तिच्या साहेबाला दे म्हणावं. एकमेकांना घातलेल्या सगळ्या शिव्या अजून आपल्याजवळ आहेत."