दुसरीच्या नावावर

"सिस्टर, खाली बघा, रगत थांबंना!"

बायडाबाई ओरडली तेव्हा चतुराबाईंनी नाळ नुकतीच बांधली होती. मुलगी झाली होती, चांगली खणखणीत रडलीही होती. पण तिच्या आईचं, सत्यभामेचं, रक्त थांबेना. सत्यभामा ही बायडाबाईची सून. दुष्काळामुळं दोघी जनावरं घेऊन महिनाभर साखर कारखान्याच्या चारा छावणीत राहत होत्या. भर दुपारी कळा सुरू झाल्या, तशा चालतच कारखान्याच्या दवाखान्यात आल्या.

चतुराबाईंनी पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, कापडाच्या घड्या दाबून धरल्या. डॉक्टर कारखान्याच्या मीटिंगला तालुक्याला गेले होते. गाडी मिळायला पाऊण तास गेला. सत्यभामा वाटेतच गेली.

चतुराबाई त्या दवाखान्यात चोवीस वर्षं होत्या. नवरा वारल्यावर त्यांनी नगरच्या एका खासगी संस्थेत वर्षभराचा नर्सिंगचा कोर्स केला होता. प्रमाणपत्र घेऊन नोंदणीसाठी मुंबईला गेल्या, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमच्या संस्थेला मान्यताच नाही."

"आवो, पण शिकल्याचा कागद हाय की ह्यो."

"शिकल्याचाच आहे. नर्सिंग परिषदेच्या वहीत नाव चढल्याशिवाय काम करायचा परवाना नाही. तोवर रोग्याला हात लावायचा नाही."

परत आल्यावर डॉक्टरांनी तोड काढली. लातूरकडं जानकी नावाची नोंदणी असलेली नर्स होती. तिचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लागला. ती वर्षातून एकदा तोंड दाखवून जाई. बाळंतपणं चतुराबाईंनी करायची आणि वहीत नाव जानकीचं. आजूबाजूच्या वस्त्यांवरची शेकडो पोरं अशी दुसरीच्या नावावर जन्मली. चतुराबाईंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. लोक त्यांनाच सिस्टर म्हणत.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याहून चौकशीला अधिकारी येणार होते. डॉक्टरांनी सकाळीच चतुराबाईंना बाजूला घेतलं.

"तुम्ही त्या दिवशी रजेवर होता. बाळंतपण जानकी सिस्टरनं केलं. तिची नोंदणी आहे, निभावून जाईल. तुमचं नाव आलं तर बोगस म्हणून गुन्हाच दाखल होईल."

"आन् बायडाबाई? ती माझ्याजवळच हुबी हुती."

"तिला कोण विचारतंय!"

तीन दिवस चतुराबाईंच्या डोक्यात एकच फिरत होतं. मान्यतेच्या कोर्सात असं काही शिकवत असतील का, जे आपल्याला ठाऊक नव्हतं? सत्यभामा त्यानं वाचली असती का? विचारावं तरी कुणाला?

अधिकाऱ्यानं वही उघडली. "बाळंतपण कुणी केलं?"

"जानकी सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई सायेब," चतुराबाई म्हणाल्या. "म्या केलं. ती बाई इथं नव्हतीच."

डॉक्टर खिडकीकडं बघू लागले.

"तुमचा नोंदणी क्रमांक?"

"न्हाई."

"आजवर किती बाळंतपणं केली?"

"मोजली न्हाईत. समदी तिच्या नावावर हायत. ह्ये माझ्या नावावर घाला."

जबाबाखाली त्यांनी सावकाश सही केली. चोवीस वर्षांत दवाखान्याच्या कामाच्या कागदावर त्यांची ती पहिलीच सही. गावाबाहेर जायचं नाही, रोग्याला हात लावायचा नाही, असं सांगून अधिकारी गेले.

दवाखान्याच्या पायरीशी बायडाबाई बसली होती. पदरात ते लेकरू.

"सिस्टर, पोरगी दूध वकतीया. बघा की जरा."

चतुराबाई पुढं झाल्या आणि थबकल्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले.

"मला आता हात लावायची मुभा न्हाई, बायडाबाई."

"कावून?"

"चला," त्या म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात दाखवू. मी येते फाट्यापस्तोर."

दोघी निघाल्या. फाटा दोन मैल, वाटेत झाड नव्हतं. चतुराबाई उन्हाच्या बाजूनं चालत राहिल्या, आपली सावली पोरीच्या तोंडावर पडेल अशा बेतानं.