बंद केलेली डिस्क

मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. संगणकाला ओळीने दिलेल्या हुकमांची एक फाईल, एवढंच माझं रूप. डिस्कवर फायलींची मोडतोड झाली आहे का ते तपासायचं आणि दुरुस्त करायचं, हे माझं काम.

मित्रांनो, मला लिहिलं डिलाईल रोडच्या गुणाजीकाकांनी. ते गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संप झाला आणि गिरणी बंद पडली ती पडलीच. उतारवयात ते चाळीच्या मंडळात संगणक शिकले. धागा तुटला की गाठ मारायची, ही त्यांची सवय. म्हणून मीही मोडतोड दिसली की कोणाला न विचारता गाठी मारत सुटायची. गेल्या दसऱ्याला मंडळाने आमच्या संगणकाला झेंडूचा हार घातला. पाकळ्या पंख्यात गेल्या, तरी मी फुगलेलीच.

त्याच संगणकाच्या डिस्कवर काकांच्या बायकोची, सुभद्राकाकूंची, गौरीची गाणी होती, तुकड्यातुकड्यांनी भरलेली. आता दम्यामुळे काकूंना गाता येत नाही. गौरी तोंडावर आल्या आणि एका गाण्याचा शेवटचा तुकडा गायब झाला.

"अहो, माझी गौर सासरहून निघते आणि माहेरी पोचतच नाही," काकू म्हणाल्या. "ठेवलीत कुठे तिला?"

"येईल गं. परळच्या पुलावर अडकली असेल," काका म्हणाले.

शेजारची मृणालिनी एका कंपनीत संगणक सांभाळायचं काम करते. तिने मला ओळ न् ओळ वाचलं. डॉक्टरला जीभ दाखवल्यासारखं वाटलं मला.

"काका, डिस्क वापरात असतानाच ही दुरुस्ती करते, म्हणून तुकडा हरवला. चालू साच्यात हात घालाल का तुम्ही?"

"त्यावरून पोरांना मीच ओरडायचो."

"मग इथे आधी बंद का नाही केली?"

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "बंद केलेलं परत चालू होतं, हे मी कुठे बघितलंय?"

मग काकू म्हणाल्या, "चहा झाला की स्टोव्ह बंद करता ना? संध्याकाळी पेटतोच की."

मृणालिनीने आधी डिस्कची प्रत काढली. 'दुरुस्त करू का?' या प्रत्येक प्रश्नाला आपणच 'हो' म्हणायची माझी खोड काढून टाकली आणि 'डिस्क वापरात असेल तर थांब' अशी ओळ घातली. काकांनी स्वतः डिस्क बंद केली. मी पहिल्यांदाच सावकाश तपासलं. बेवारस फायलींच्या कप्प्यात, मंडपात हरवलेल्या पोरासारखा, स्वतःचं नाव विसरलेला एक तुकडा बसला होता.

डिस्क परत जोडताना काकांनी डोळे मिटले. ती चालू झाली. मृणालिनीने त्या तुकड्याला त्याचं नाव देऊन गाण्याला जोडलं. काकूंचा जुना आवाज खोलीत घुमला आणि गौर माहेरी पोचली.

मित्रांनो, आम्हा जुन्या स्क्रिप्टांना हार नको. कोणीतरी अधूनमधून वाचा आम्हाला, आणि दुरुस्तीआधी प्रत काढा. हल्ली काका मला रोज चालवतात. दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. तरी ते डिस्क बंद करतात, परत चालू करतात, आणि काकूंकडे बघतात.