लोलकावरचे कातडे

केझायाने खिडकीच्या फटीत आणखी एक चिंधी कोंबली. तेवढ्यात दगडांनी लादलेली गाडी खडखडत दारावरून गेली आणि खाटेवरची फीबी दचकून पुन्हा रडू लागली. मुलीला झोप हवी, एवढेच डॉक्टर सांगून गेला होता. झोपेने ताप उतरतो, की ताप उतरल्यावर झोप लागते, हे कुणी तपासले नव्हते. पण केझायाजवळ दुसरे औषध नव्हते.

नदीकाठच्या मोठ्या घरात पंतप्रधान अंथरुणाला खिळले होते. पद मिळून त्यांना चार महिनेही झाले नव्हते. चाकांचा त्रास होऊ नये म्हणून त्या घरासमोरच्या रस्त्यावर रिवाजाप्रमाणे पेंढ्याचा जाड थर पसरला होता. तेवढ्याने भागेना, तेव्हा साऱ्या गाड्या केझायाच्या गल्लीतून वळवण्यात आल्या. आवाज नाहीसा झाला नव्हता. त्याची फक्त जागा बदलली होती.

केझायाने तिथल्या कारभाऱ्याकडे पेंढ्याचे दोन भारे मागून पाहिले. हा देशाच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, असे त्याने समजावले.

"मग माझी पोर कुठल्या देशात येते, साहेब?"

दार बंद झाले.

बुधवारी सकाळी गल्लीत एकही गाडी आली नाही. फीबीचा डोळा लागला. पंतप्रधान गेले, एवढाच त्याचा अर्थ होता. मला वाईट वाटत नाही, असे केझायाने नवऱ्याला, जेबेझला, सरळ सांगितले.

जेबेझ चर्चचा घंटावाला होता. मनोरा त्यांच्या छपराला लागूनच होता, आणि दिवस मावळेपर्यंत घंटा वाजवण्याचा पाळकांचा हुकूम आला होता.

"जिवंत होता तेव्हा गाड्या आमच्या दारात, आता मेला तर घंटा आमच्या डोक्यावर," ती म्हणाली. "त्याचं मरणही आम्हीच सोसायचं?"

"नाही वाजवली तर काम जाईल. घरही चर्चचंच आहे."

"वाजव की. पोरीला तेवढं सांगून जा."

जेबेझने फीबीचे पांघरूण सारखे केले. मग त्याने खुंटीवरची कातडी गादी काढली आणि जरा थांबून दुसरीही काढली. शोकाच्या घंटेत टोला देणाऱ्या लोलकाच्या एकाच बाजूला हे कातडे बांधत. एक टोला खणखणीत, एक दबका. दोन्ही बाजूंना बांधायचे ते फक्त राजा गेल्यावर.

त्या दिवशी घंटा वाजली ती दूर कुणी गादी झोडपावी तशी.

दुपारी कारभारी स्वतः गल्लीत आला. केझाया दार अडवून उभी राहिली. त्याने टोपी काढली. त्याचे डोळे ओले होते.

"राजाचा मान दिलात तुम्ही आमच्या साहेबांना," तो म्हणाला. "आम्ही विसरणार नाही."

केझायाने मागे वळून खाटेकडे पाहिले.

"हळू बोला," ती म्हणाली आणि कडी न वाजवता तिने दार लोटून घेतले.