गाळातला मानी पाहुणा

“याही कोऱ्याच,” मॅडम म्हणाल्या आणि उजेडाकडे धरलेल्या काचेच्या बशा त्यांनी खाली ठेवल्या. ही तिसरी खेप.

मावशी मागे बाटल्या पुसत होती. सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेतल्या जीवाणूंचा स्वयंपाक तिच्याच हातचा. मोजायचं, उकळायचं, बशांत ओतून थिजवायचं. पाहुणे इतके लहान की दिसत नाहीत, आणि इतके मानी की चिमूट चुकली तरी रुसून बसतात, असं ती घरी सुनेला सांगे.

किनाऱ्यावरच्या गाळातून निघालेला हा पिवळा पाहुणा आजवर कुणी पाहिलाच नव्हता. तपासण्यांनी तसा निर्वाळा दिला होता. पण नवी प्रजाती म्हणून मान्यता हवी तर तो जिवंत वाढवून दोन देशांतल्या संग्रहांत पाठवायला हवा होता. पहिल्या बशांवर भरभरून उगवलेला तो आता गोठवलेल्या कुपीतून काढला की मान टाकत होता. चार कुप्यांतली एकच उरली होती. मॅडमची पाच वर्षं त्या बोटभर कुपीत होती.

का, ते मावशीला ठाऊक होतं. पहिल्या बशांच्या वेळी समुद्री मिठाची भुकटी संपली होती आणि आणलेला गाळ तर ताजा असतानाच वापरायला हवा होता. मग तिने किनाऱ्यावरून कॅनभर पाणी आणलं. आणलं, गाळलं, त्यातच खाद्य शिजवलं, निववलं. नोंदवहीत मात्र सवयीने भुकटीच लिहिली, आणि पुढच्या बशा त्या भुकटीवरच झाल्या. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. आता बोलावं तर सव्वीस वर्षांच्या शब्दाला बट्टा. न बोलावं तर तो बिचारा जातोच.

मॅडमनी शेवटच्या कुपीसाठी नवं खाद्य करायला सांगितलं. मावशीने फडकं खाली ठेवलं.

“मॅडम, वहीत मी खोटं लिहिलंय.”

तिने सगळं सांगितलं. मॅडमनी वहीचं ते पान उघडलं.

“तुम्ही, मावशी?”

“मीच.”

“मला रागवायचंय तुमच्यावर. पण आधी पाणी आणू या.”

कॅनची एक कडी मॅडमनी धरली, एक मावशीने. परतल्यावर मावशीने वहीतली ती ओळ खोडली, खरं लिहिलं आणि खाली सही केली.

नवव्या दिवशी बशीवर सुईच्या टोकाएवढे पिवळे ठिपके उठले. भुकटीत नसलेलं काहीतरी समुद्रात आहे आणि त्यावाचून याचं पान हलत नाही, हे आणखी पाच वर्षांतही मला कळलं नसतं, असं म्हणत मॅडमनी ठिपक्यातला कण काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि स्टूल रिकामं केलं.

मावशीने आजवर त्या भिंगाची धूळ तेवढी पुसली होती. हात पदराला पुसून तिने डोळा लावला. बारीक बारीक काड्या, लखलखीत उजेडात पोहत होत्या.

“जिवंत आहेत?”

“हो.”

डोळा न काढताच तिने चाचपडत हात पुढे नेला आणि पाहुण्यांवरचा दिवा थोडा मंद केला.